नाव नसलेले पेपर

बोरीला ओढ्याकाठी ख्रिस्ती मंडळींची दफनभूमी आहे. दफनभूमी आपली म्हणायची, खरं तर दोन बाभळी आणि काटेरी तारेच्या आतला काळ्या रानाचा एक तुकडा. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात खचते, त्यामुळं तिथला एकही दगड सरळ उभा नाही. यंदा पुनरुत्थानाच्या सणाआधी, म्हणजे ईस्टरआधी, मंडळी दगडांना चुना लावायलेत असं कळलं, म्हणून मी झरीहून जीप धरून गेलो. याकोब सरांच्या दगडापाशी आलो आणि माझं डोकंच सणकलं.

दगडावर निळ्या ऑइलपेंटनं ठसठशीत लिहिलं होतं: कै. याकोब मारोती साळवे, पाळक.

आता यात चुका किती बघा. सर पाळक कधीच नव्हते. रविवारच्या भक्तीत ते शास्त्र वाचायचे, तेवढंच. 'कै.' हे हिंदूंचं. ख्रिस्ती माणसाच्या नावाआधी 'ख्रिस्तवासी' घालतात, पण स्टँडवरच्या पेंटरनं हाताला सवय असलेलं ओढून टाकलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे सरांनी स्वच्छ सांगितलं होतं, माझ्या दगडावर नाव टाकायचं नाही.

"ह्यो कोणाचा कारभार हाय?" मी म्हणालो. "रॉकेल आणा थोडं. पुसून टाकतो."

शिमोनदादा चुन्याची बादली घेऊन उभे होते. गावात शिवणकाम करतात, मंडळीचे मुख्य पंच आहेत. माझा स्वभाव त्यांना ठाऊक आहे. ते शांतपणे म्हणाले, "राहू द्या वाघमारे सर. मंडळीनं मायेनं टाकलंय."

मायेनं. हा शब्द ऐकला आणि मी गप बसलो. कारण हा शब्द सरांचाच होता, आणि याच शब्दापायी त्यांची म्हातारपणी धूळधाण झाली होती. शिमोनदादांना ते आठवत होतं की नाही, कोण जाणे.

याकोब सर आणि मी एकाच शाळेत आयुष्य काढलं. ते इतिहास शिकवायचे, मी हिंदी. ते ख्रिस्ती, मी बौद्ध. स्टाफरूममध्ये आमची खुर्चीला खुर्ची लागून. उंच, वाळकुडा माणूस, पांढरा शर्ट, आणि खिशात लाल पेन. हा पेन निवृत्तीनंतरही सुटला नाही. कुणाची लग्नपत्रिका आली की आधी तिच्यातल्या चुका दुरुस्त करायच्या, मग लग्नाला जायचं की नाही ते ठरवायचं. हॉटेलातलं दरपत्रकसुद्धा तपासायचे. मालक वैतागून म्हणायचा, "सर, भजे खा ना गरम हायेत तंवर." पेपर तपासताना मात्र चहा शिवायचे नाहीत, पोराच्या पेपरवर आपला डाग पडू नये म्हणून. आणि त्यांचं एक पालुपद होतं, "ज्याचा पेपर, त्याचंच नाव." उठता-बसता तेच. पोरं त्यांची नक्कल करायची तेव्हा आमी हसायचो, पण त्यांच्यासमोर कुणाची टाप नव्हती.

एका सहामाहीची गोष्ट सांगतो. दहावीच्या पेपरात एका अख्ख्या रांगेनं उत्तराच्या मधोमध कंस टाकून लिहिलं होतं: (नकाशा शेजारच्या पानावर पहा). आता पेपरात कुठला आलाय नकाशा? गाइडातलं उतरवताना मूर्खांनी तोही कंस उतरवला होता. सर कोणावर ओरडले नाहीत. वर्गात गेले, एकेकाला उभं केलं आणि म्हणाले, "शेजारच्या पानावर काय हाय दाखव बरं." एक गडी बिलकुल न अडखळता म्हणाला, "सर, शेजारचं पान म्हणजे ह्याचं," आणि बाजूच्या पोराचा पेपर वर धरला. वर्ग हसला, मीही दाराशी उभा राहून हसलो. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "ध्यानात ठेवा. उत्तर कुणीबी सारखं लिहील. पण मधेच टाकलेला कंस दोघांना एकाच जागी सुचत न्हाई. तिथं समजायचं, एकानं दुसऱ्याचं बघितलंय." मग रांगच्या रांग लाल रेघ मारून टाकली. त्यात त्यांच्या सख्ख्या भावाचा पोरगाही होता. भाऊ पुढं कैक वर्षं त्यांच्याशी बोलला नाही.

दुसरी गोष्ट निबंधाची. शाळेच्या स्पर्धेत एक निबंध आला, त्यावर नावच नव्हतं. कापूस वेचायला जाणाऱ्या आईवर लिहिलेला. बोंडाचे काटे लागून बोटं चिरलेली, म्हणून ती बाई रात्री पोराला भाकरी चुरून द्यायची ती डाव्या हातानं, असं काहीतरी त्यात होतं. सरांनी त्याला पहिला नंबर दिला. लगेच संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या पुढं आला, तो माझाच म्हणून. सरांनी विचारलं, "तुझ्या निबंधातली आई भाकर कोणत्या हातानं चुरते रे?" पोरगं म्हणालं, उजव्या. झालं. अध्यक्षांचा निरोप आला, नाव टाकून द्या, कशाला ताणायलात. सरांनी ऐकलं नाही. मुख्याध्यापकपद त्यांच्या तोंडाशी आलेलं होतं, ते गेलं. सरांनी तो निबंध प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढं मोठ्यानं वाचला आणि बक्षिसाचा शब्दकोश कपाटात ठेवून दिला. लिहिणारा काही पुढं आला नाही. मी म्हणालो, "सर, नावच नाही तर नंबर कुणाला दिला तुमी?" ते म्हणाले, "नाव न्हाई म्हणून लिहिलेलं कमी होतं का वाघमारे?"

रविवारी मात्र हा माणूस वेगळाच दिसायचा. वेशीबाहेर पत्र्याचं छोटं देऊळ, चर्चला ते देऊळच म्हणतात, तिथं पुढच्या सतरंजीवर मार्थाबाई, त्यांच्या बायको, आणि समोर उभे राहून सर शास्त्र वाचायचे. त्यांच्याकडं रीत अशी की वाचणाऱ्यानं आधी कुणी लिहिलेलं ते सांगायचं: मत्तयानं लिहिलेलं शुभवर्तमान, मार्कानं लिहिलेलं, लूकनं, योहानानं. येशूच्या चरित्राची ही चार पुस्तकं. नाव ऐकलं की मंडळी उभी राहते. मी नाताळाला करंज्या खायला जायचो, तेव्हा मागच्या बाजूला बसून ऐकायचो. त्यांचा आवाज वर्गात करडा, पण तिथं लय मऊ व्हायचा. मार्थाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांना सगळं शुभवर्तमान सरांच्याच आवाजात पाठ होतं.

मार्थाबाई गेल्या त्या मूत्रपिंडाच्या दुखण्यानं. शेवटी शेवटी त्यांना एकच घोर लागला होता. ओढ्याकाठच्या अंधाराचं त्यांना भ्या वाटायचं. सरांचा हात धरून म्हणायच्या, "मला एकटीला ठेवू नका हो तिथं." सर म्हणाले, "मी येतोच मागून. जबान दिली." त्यांच्या मंडळीत रीत आहे, नवरा-बायकोतलं एक गेलं की शेजारी दुसऱ्याची जागा राखतात आणि तिथं एक कोरा दगड रोवून ठेवतात. दर सणाला दोन्ही दगडांना चुना लागतो. सरांची मुलगी रूथ, पाथरीला दवाखान्यात नर्स आहे, ती त्या दिवशी न चुकता यायची. आईच्या दगडाला चुना लावायची आणि मग जित्या बापाच्या दगडाला.

घर रिकामं झालं तसं सर दिवसभर शुभवर्तमान वाचत बसायला लागले. आणि वाचायचे कसे? पेन हातात घेऊन, तपासायला बसल्यासारखे. एकदा मी बोरीला गेलो, तर हॉटेलात मला ओढूनच नेलं. चहा पुढं आला तरी हात लावला नाही, तेव्हाच मी ओळखलं की याचं काहीतरी बिनसलंय.

"वाघमारे, मला कॉपी सापडली," ते म्हणाले.

मला वाटलं, शाळेचं काही असेल. तर म्हणाले, "मत्तय अन् मार्क. येशू डोंगरावर बसून शिष्यांना पुढच्या संकटाचं सांगायलाय. तोंडानं सांगायलाय, बरं का. अन् मधेच कंसात येतं, वाचणाऱ्यानं हे समजून घ्यावं. ऐकणाऱ्यानं न्हाई, वाचणाऱ्यानं. म्हणजे हे येशूचं बोलणं न्हाई, लिहिणाऱ्यानं मधे टाकलेलं. अन् ते दोघांच्यात एकाच जागी हाय."

मी म्हणालो, "नकाशा शेजारच्या पानावर पहा."

सर माझ्याकडं बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "तेच. मार्क काही बारा शिष्यांतला न्हाई. मत्तय हाय. मंग डोळ्यानं बघितलेला माणूस न बघितलेल्याच्या पेपरात काहून बघंल? म्हणजे लिहिणारा तो मत्तय न्हाई. दुसरा कुणीतरी हाय."

त्यांनी परभणीहून मोटरसायकलवर येणाऱ्या तरुण पाळकांना गाठून विचारलं होतं. पाळकांनी इकडं-तिकडं बघत सांगितलं होतं की सेमिनरीत, पाळकांच्या कॉलेजात, हे सगळं शिकवतात. चारही पुस्तकांत लिहिणारा आपलं नाव कुठंच सांगत नाही, नावं नंतरच्या लोकांनी वर लावली. काही जाणकार अजून जुन्याच नावांवर ठाम आहेत, पण बरेच जण नाहीत. "मंग मंडळीत काहून सांगत न्हाई?" सरांनी विचारलं. पाळक म्हणाले, "सर, सगळंच मंडळीत सांगायचं नसतं."

मी म्हणालो, "त्यात एवढं काय? आमच्याकडं सुत्तांची, बुद्धांच्या उपदेशांची, सुरुवातच 'मी असं ऐकलंय' इथून होते. लिहिलं कुणी, कुठं आमी विचारत बसतो?"

"तुमचं बरं हाय," सर म्हणाले. पण चेहरा दुःखी नव्हता त्यांचा. उलट खुललेला होता. "वाघमारे, मला त्या निबंधाची याद आली. एवढं लिहिलं माणसानं, अन् नाव टाकलं न्हाई. नावं मागून लोकांनी मायेनं घातली. आपल्या आवडत्या माणसाचं नाव घालावं, तशी. ह्यात खोटं काय हाय? मला तर पुस्तक आधीपेक्षा जास्त आवडायलंय."

तेव्हाच मी त्यांचं तोंड धरायला पाहिजे होतं. पण मला काय ठाऊक, हा भाबडा माणूस तेच मंडळीपुढं जाऊन सांगंल.

सणाआधीच्या उपवासाच्या दिवसांत शास्त्राभ्यासाला सर उभे राहिले आणि जे मला सांगितलं ते सगळं, निबंधाच्या गोष्टीसकट, मंडळीला सांगितलं. कुणीतरी मोबाइलवर घेतलं. पुढं ते कापून-छाटून गावभर फिरलं. त्यात माया नव्हती, निबंध नव्हता. नुसतं सरांचं तोंड आणि आवाज: मत्तयानं लिहिलं न्हाई, मार्कानं लिहिलं न्हाई. खाली कुणीतरी लिहिलं होतं, यांचाच मास्तर म्हणतोय यांचं पुस्तक खोटं.

शिमोनदादांच्या दुकानात एकजण पँट शिवायला टाकून म्हणाला, "तुमच्या पुस्तकाला बाप न्हाई म्हणे." त्यांच्या सुनेला पाणी भरताना बायांनी तेच ऐकवलं. एका वस्तीवर घरातली प्रार्थना चालू असताना पोरांनी दारात येऊन ती क्लिप मोठ्यानं लावली आणि प्रार्थना बंद पाडली. आधीच मूठभर माणसं, दबून राहणारी. मला शिमोनदादांचा राग आला होता, अजून आहे, पण ते सरांच्या ओसरीवर बसून रडले ते खोटं नव्हतं.

"सर, तुमचं खरंबी असंल," ते म्हणाले. "मी शिकलेला न्हाई. पण आमच्या लेकरांनी त्या चौकातल्या पोरांना काय उत्तर द्यायचं?"

"सांगा की बापाचं नाव ठाव न्हाई, पण पोर गुणाचं हाय," सर म्हणाले.

हे बोलायला नको होतं. पंचांची बैठक झाली. ठरलं असं की सरांनी एका रविवारी उभं राहायचं, नेहमीसारखं नाव घेऊन पाठ वाचायचा, आणि तेही मोबाइलवर घ्यायचं म्हणजे गावाला दाखवता येईल. माफी नको, दुसरं काही नको. नाही वाचलं तर मंडळीतून नाव कमी, आणि नाव कमी झालं की ओढ्याकाठची जागाही गेली. पाळक त्या बैठकीला होते. सरांनी त्यांच्याकडं बघितलं. ते खाली सतरंजीची दोरी उसवत बसले.

मला वाटलं, सर काही वाकत नाहीत. अध्यक्षाला जो वाकला नाही तो या चार शिंप्या-मजुरांना वाकतोय होय? मी तसं बोलूनही दाखवलं. तेवढ्यात रूथ पाथरीहून आली. ड्यूटीच्या कपड्यांतच होती. ती बापाला सर म्हणत नाही की पप्पा म्हणत नाही, अण्णा म्हणते.

"अण्णा, तुमचंच खरं हाय," ती म्हणाली. "मला पुस्तकातलं कळत न्हाई, पण तुमी खोटं बोलत न्हाईत. फक्त एवढं सांगा, मी तुम्हाला नेऊ कुठं? दुसरीकडं कोण जागा दील आपल्याला? आईनं काय मागितलं होतं तुम्हाला?"

सरांनी खिशातला पेन काढला, झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं. रूथ भांडी घासायला आत गेली आणि मोरीत बसून रडली. बापाला ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडला होता, पण आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं. मी उठलो आणि जीपला गेलो.

त्या रविवारी मी मुद्दाम गेलो. देऊळ भरलेलं होतं. एरवी न येणारेही आले होते. पाळकांनी पाठ नेमला होता संकटकाळाचा, दिवसच तसे आहेत म्हणून. सरांनी धुतलेला शर्ट घातला होता. पुढं आले, पुस्तक उघडलं. मार्थाबाईंच्या जागी रूथ बसली होती. सरांनी तिच्याकडं बघितलं आणि एकदम स्पष्ट, वर्गातल्या करड्या आवाजात म्हणाले, "मत्तयानं लिहिलेलं शुभवर्तमान."

मंडळी उभी राहिली. शिमोनदादांनी डोळे पुसले. कुणीतरी मोबाइल वर धरला होता.

सर वाचत गेले. एकही अक्षर चुकलं नाही. मग तो कंस आला. वाचणाऱ्यानं हे समजून घ्यावं, एवढं वाचलं आणि ते थांबले. मान वर केली नाही. पंखा फिरत होता, पान उडत होतं, त्यांनी ते बोटानं दाबून धरलं होतं. मंडळीला वाटलं, म्हाताऱ्याला दम लागला. एका बाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी न पिता त्यांनी पुढचं वाचून काढलं, पुस्तक मिटलं आणि जाग्यावर जाऊन बसले.

भक्ती संपल्यावर सगळे त्यांना हात मिळवायला आले, सलाम सर, सलाम सर. शिमोनदादांनी त्यांना मिठी मारली. सरांनीही त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग मला म्हणाले, "चला वाघमारे, जरा ओढ्यापर्यंत जाऊ."

आमी तारेतून आत गेलो. मार्थाबाईंचा दगड कलला होता. त्याच्या बाजूला तो कोरा. सर आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले आणि चपलेनं तिथलं काँग्रेस गवत मोडायला लागले. मी म्हणालो, "बरं झालं सर. रूथ सुटली, मंडळी सुटली. बाईंना दिलेली जबान राहिली."

"हां," ते म्हणाले. "जागा राहिली."

गवत मोडून झालं. मग म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा कॉपी केली, वाघमारे. दुसऱ्यांच्या पेपरात बघून लिहिलं. माझं उत्तर मला येत होतं तरी."

मला ते ऐकवेना. मी म्हणालो, "अहो, कॉपी कशाची? बायकोसाठी केलं, लेकीसाठी केलं. मायेनं केलं तुमी."

"सापडलेलं प्रत्येक पोरगं मला हेच सांगायचं," सर म्हणाले. "घरच्यांसाठी केलं सर. मी कुणाला सोडलं? भावाच्या पोराला सोडलं न्हाई."

मग ते खाली वाकले आणि आपल्या कोऱ्या दगडावरची माती हातानं झाडली.

"ह्याच्यावर नाव टाकू देऊ नका," ते म्हणाले. "कॉपीच्या पेपरवर मी आधी नाव खोडायचो, मंग रेघ मारायचो. एवढं माझ्यासाठी करा. रूथला सांगितलंय, तुम्हालाबी सांगायलो."

मी हो म्हणालो. पावसाळा लागायच्या आत सर गेले. मार्थाबाईंच्या शेजारीच त्यांना ठेवलं. नावाचं मात्र माझ्याच्यानं झालं नाही, ते तुम्ही बघितलंच.

पण मला सर दिसतात ते त्याच दिवशीचे. उन्हं चढली होती. मी म्हणालो, चला, चहा घेऊ. ते म्हणाले, "तुमी व्हा पुढं, जीप चुकंल तुमची." मी तारेबाहेर आलो आणि वळून बघितलं. सर बायकोचा कललेला दगड दोन्ही हातांनी धरून सरळ करायला बघत होते. तो सरळ व्हायचा, आणि हात काढला की परत कलायचा.